विजेचें वाहन आणि शेजारधर्म

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगीं मागील पिढ्यांच्या श्रद्धेचें स्मरण करावें, देवाचे उपकार मानावे आणि पुढील काळासाठीं कांहीं संकल्प करावा, अशी आपल्यांत रीत आहे. पहिलीं दोन कार्यें आमच्याहून अधिकारी वक्त्यांनीं उत्तम प्रकारें पार पाडलीं आहेत. तिसऱ्याचा अल्पसा भाग आमच्याकडे आला आहे, आणि त्यासाठीं आम्ही जो विषय निवडला तो प्रथमदर्शनीं चर्चच्या आवारांतला वाटणार नाहीं. विजेवर चालणाऱ्या मोटारी, रिक्षा आणि बसगाड्या यांविषयीं आज आम्हांस बोलावयाचें आहे. यांत धर्माचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध असा कीं, मनुष्य जी वस्तु वापरतो तिच्यासंबंधीं तीन प्रश्न त्याच्या सदसद्विवेकबुद्धीस टाळतां येत नाहींत. ही वस्तु कोणाच्या उपयोगी पडते? तिचा खर्च कोण सोसतो? आणि तिचा धूर कोणाच्या घरावर जातो? हे तिन्ही प्रश्न शेजारधर्माचे आहेत. आणि आपला शेजारी कोण, हें तर प्रभूनें दयाळू शोमरोन्याच्या दृष्टांतानें आपणांस कायमचें शिकवून ठेविलें आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत एवढेंच आहे. विजेचें वाहन चांगलें. परंतु तें आधीं कोणास मिळतें, यावर त्याचा चांगुलपणा पुष्कळसा अवलंबून आहे. जें वाहन दिवसभर धांवतें आणि पुष्कळांस वाहून नेतें, तें आधीं विजेवर यावें. जें एकट्या-दुकट्यास नेतें आणि बहुतेक वेळ दारांत उभें राहतें, त्याची पाळी मागाहून यावी. हवेचा हिशोब मांडला तरी हेंच उत्तर येतें, आणि न्यायाचा हिशोब मांडला तरीहि हेंच येतें. हे दोन्ही हिशोब आम्ही आपणांपुढें मांडूं इच्छितों.

विजेचें वाहन म्हणजे अगदीं आजकालची गोष्ट, अशी समजूत पसरली आहे. ती खरी नव्हे. मुंबईंत विजेची ट्रॅम १९०७ सालीं सुरू झाली आणि १९६४ सालापर्यंत चालली. १९२५ च्या फेब्रुवारी महिन्यांत तेव्हांच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली आगगाडी धांवली. पश्चिमेकडील मार्गावर १९२८ सालीं बोरिवलीपर्यंत आणि १९३६ सालीं विरारपर्यंत वीज आली. त्या दिवसापासून आपल्या वाडवडिलांनीं भाजीच्या टोपल्या, फुलांच्या करंड्या, केळीं आणि विड्याचीं पानें विजेच्याच गाडींतून मुंबईच्या बाजारांत नेलीं. आजहि मुंबईच्या लोकलगाड्यांतून रोज सत्तर लक्षांहून अधिक प्रवासी जातात. त्यांत कारकून आहेत, कामकरी आहेत, परिचारिका आहेत, कोळणी आहेत. म्हणजे या प्रांतांतील गरीब मनुष्य जवळजवळ शंभर वर्षें विजेच्याच वाहनानें प्रवास करीत आला आहे. त्याच्या डब्यांत गर्दी मात्र असह्य आहे. नवें आहे तें एवढेंच कीं, आतां वीज रुळांवरून उतरून रस्त्यावर आली आहे आणि श्रीमंताच्या दारांत जाऊन उभी राहिली आहे.

ही वीज येते कोठून? भिंतींतील खुंटीस तार लाविली कीं वीज येते, एवढेंच आपणांस दिसतें. पण भिंतीपलीकडे पाहिलें पाहिजे. याविषयीं महाराष्ट्राच्या इतिहासांतील एक प्रकरण सर्वांनीं स्मरणांत ठेवण्याजोगें आहे. मुंबईच्या गिरण्यांस व गाड्यांस वीज पुरविण्यासाठीं टाटांच्या कंपनीनें सह्याद्रींत धरणें बांधिलीं. त्यांपैकीं मुळशीच्या धरणाखालीं मावळांतील शेतकऱ्यांच्या पिढीजात जमिनी व घरेंदारें जाणार होतीं. म्हणून १९२१ ते १९२४ या काळांत सेनापति पांडुरंग महादेव बापट यांच्या नेतृत्वाखालीं तेथील शेतकऱ्यांनीं सत्याग्रह केला, तुरुंगवास भोगला. तरी धरण झालेंच. भिरा येथील वीजगृह १९२७ सालीं सुरू झालें आणि मुंबई उजळली. ही वीज पाण्याची. तिच्यांत धूर नाहीं. हवेच्या हिशोबीं ती निर्मळ होती. परंतु ज्यांची भातखाचरें पाण्याखालीं गेलीं त्यांच्या हिशोबीं ती निर्मळ नव्हती. एका हिशोबानें शुद्ध ठरलेली वस्तु दुसऱ्या हिशोबानें शुद्ध ठरतेच असें नाहीं, हा धडा मुळशीनें आपणांस शंभर वर्षांपूर्वीं दिला.

दुसरें उदाहरण आपल्याच पालघर जिल्ह्यांतलें आणि आपल्याच धर्मप्रांतांतलें आहे. डहाणूस कोळशावर चालणारें ५०० मेगावॅट शक्तीचें वीजकेंद्र आहे. तें १९९५ च्या सुमारास सुरू झालें आणि त्याची वीज मुंबईच्या उपनगरांस जाते. डहाणूच्या चिकूच्या वाड्या आपणांस ठाऊक आहेत. तेथील वारली बांधवहि ठाऊक आहेत. १९९१ सालीं केंद्र सरकारनें डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीनें नाजूक म्हणून जाहीर केला. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून त्याच्या रक्षणासाठीं प्राधिकरण नेमण्यांत आलें; न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी हे त्याचे अध्यक्ष होते. या प्राधिकरणानें आग्रह धरिला, म्हणून धुरांतील गंधकाचा वायु काढून घेणारें यंत्र तेथें २००७ सालीं बसलें. हें कार्य मोठें झालें. परंतु तें यंत्र गंधक काढतें, कर्बवायु काढीत नाहीं. ज्यास सांप्रत आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतों तो हा कर्बवायु पृथ्वीभोवतीं पांघरुणासारखा सांचतो, उष्णता अडवून ठेवतो आणि पाऊस, समुद्र व शेती यांची घडी विस्कटून टाकतो. सारांश, अंधेरीच्या मनुष्यानें आपली मोटार विजेवर घेतली म्हणजे त्याच्या गल्लींतील धूर नाहींसा होतो, हें खरें. पण त्याचा एक अंश डहाणूच्या धुरांड्यांतून वर जातो, हेंहि तितकेंच खरें आहे. शहराच्या सोयीसाठीं गांवानें धूर सोसावा, हा व्यवहार विचार करण्यासारखा आहे.

कोणी म्हणेल, मग विजेची मोटार ही निव्वळ फसवणूक आहे काय? नाहीं. येथें आपण डोळे उघडे ठेवून आंकडे पाहूं. गणित सोपें आहे. ज्यानें किराण्याचा हिशोब ठेविला आहे त्यास तें कळेल.

आपल्या देशांत सरासरी एक युनिट वीज निर्माण करतांना सुमारें सातशें ग्रॅमांहून थोडा अधिक कर्बवायु निघतो. २०२५ सालीं देशांतील वीजकेंद्रांच्या एकूण स्थापित शक्तीपैकीं निम्मी शक्ति कोळसा व तेल यांवांचून चालणारी झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. तरी प्रत्यक्षांत निर्माण होणाऱ्या विजेचा सुमारें सात-दशांश भाग अद्याप कोळशाचाच आहे, कारण सूर्य रात्रीं नसतो आणि वारा नेहमीं वाहत नाहीं. तारांतून येतांना कांहीं वीज वाटेंत नष्ट होते. ती धरून एका युनिटामागें आठशें ग्रॅम मानूं. साधारण विजेची मोटार शंभर किलोमीटरांस पंधरा युनिटें खाते. म्हणजे किलोमीटरामागें १२० ग्रॅम झाले. आतां पेट्रोलची मोटार घ्या. ती लिटरास पंधरा किलोमीटर जाते असें धरूं. एक लिटर पेट्रोल जळलें कीं २.३ किलो कर्बवायु निघतो. तेल काढणें, शुद्ध करणें व आणणें यांचा सुमारें पंचमांश त्यांत मिळवावा. हा हिशोब किलोमीटरामागें सुमारें १८५ ग्रॅमांवर जातो. विजेच्या मोटारीनें ६५ ग्रॅम वांचले. लाभ आहे, आणि वीज जसजशी स्वच्छ होईल तसतसा तो वाढेल.

पण मोटार कारखान्यांतून निघते तेव्हांच तिच्या डोक्यावर एक ऋण असतें. तिची बॅटरी बनवितांना, बॅटरींत जितकीं युनिटें मावतात त्यांतील दर युनिटामागें, सुमारें ६० ते १०० किलो कर्बवायु निघतो. चाळीस युनिटांची बॅटरी घेतली आणि मधला आंकडा धरिला, तर हें ऋण बत्तीसशें किलोंचें झालें. किलोमीटरामागें ६५ ग्रॅम वांचवून तें फेडावयास सुमारें ४९ हजार किलोमीटर धांवलें पाहिजे. जो गृहस्थ वर्षास दहा हजार किलोमीटर जातो त्यास सुमारें पांच वर्षें लागतील. ज्याची मोटार रविवारीं मिस्सेस आणि सणावारीं सोयऱ्यांकडे जाऊन बाकीचे दिवस आच्छादनाखालीं झांकलेली असते, त्याचें ऋण फिटण्यापूर्वीं मोटारच म्हातारी व्हावयाची. उलट जी टॅक्सी रोज सव्वाशें किलोमीटर धांवते ती सव्वा वर्षाच्या आंत ऋणमुक्त होते, आणि पुढें जें वांचतें तें सर्व पृथ्वीच्या खात्यांत जमा होतें. विजेची स्कूटर घ्या: तिची बॅटरी लहान, भूक थोडी, पांच-सहा हजार किलोमीटरांतच तिचें ऋण फिटतें. त्याच न्यायानें दिवसभर धांवणारी रिक्षा लवकर फेडते.

आतां बसगाडी पाहूं. विजेची मोठी बस किलोमीटरास सुमारें सव्वा युनिट खाते. म्हणजे एक किलो कर्बवायु. तीत चाळीस माणसें बसलीं, तर माणशीं पंचवीस ग्रॅम झाले. विजेच्या मोटारींत सरासरीनें दीड मनुष्य धरिला, तर माणशीं ऐशीं ग्रॅम होतात. येथें सत्य बोलावयाचें तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. चाळीस माणसांनीं भरलेली साधी डिझेलची बससुद्धां दरडोई कर्बवायूच्या बाबतींत नव्या कोऱ्या विजेच्या मोटारीहून पुष्कळ बरी ठरते. डिझेलचा धूर छातीस वाईट, म्हणून बसहि विजेवरच यावी, यांत शंका नाहीं. तथापि आपण कोणतें इंधन वापरतों यापेक्षां आपण कितीजण एकत्र बसतों, याला अधिक महत्त्व आहे. जो मनुष्य बसचा मार्ग सोडून विजेच्या मोटारींत बसला, त्यानें पृथ्वीचें ओझें कमी केलें नाहीं, वाढविलें.

हा झाला हवेचा हिशोब. आतां न्यायाचा हिशोब पाहूं.

शहराच्या धुराचा मार कोणावर अधिक पडतो? ज्याच्या मोटारीच्या कांचा बंद असतात त्याच्यावर तो थोडा पडतो. चौकांत उभा असलेला पोलीस, उघड्या रिक्षेंत बारा-बारा तास बसलेला चालक, पदपथावर भाजी विकणारी बाई, उड्डाणपुलाच्या पोटांत संसार मांडलेलें कुटुंब, बसची वाट पाहणारे शाळकरी मूल, हे तो धूर दिवसभर गिळतात. म्हणून रस्त्यावरील धूर जाणें ही गरिबासाठीं खरी कृपा आहे. ती आम्ही कमी लेखीत नाहीं. विजेच्या मोटारीच्या चाकांपासून व रस्त्यापासून उडणारी धूळ मात्र राहतेच, कारण बॅटरीमुळें गाडी जड असते. आणि रस्ता अडतो तो पेट्रोलच्या मोटारीनें जितका अडतो तितकाच. शंभर विजेच्या मोटारींनीं तुंबलेल्या रस्त्यावर रुग्णवाहिका शंभर पेट्रोलच्या मोटारींमध्यें अडकावी तशीच अडकते.

मग सार्वजनिक द्रव्य कोठें जातें, तें पाहूं. केंद्र सरकारनें २०१९ सालीं दहा हजार कोटि रुपयांची दुसरी फेम योजना आणली आणि २०२४ सालीं पी. एम. ई-ड्राइव्ह ही योजना आणली. या दोहोंमध्यें घरगुती मोटारींस थेट साहाय्य नव्हतें. बस, रिक्षा, दुचाकी यांकडे ओघ होता. ही गोष्ट प्रशंसनीय आहे. परंतु करांच्या बाबतींत तोल दुसरीकडे झुकतो. २०१९ च्या ऑगस्टपासून विजेच्या प्रत्येक मोटारीवर, ती कितीहि मूल्यवान असो, वस्तु व सेवा कर पांच टक्केच आहे. पेट्रोलच्या लहान मोटारीवर तो २०२५ च्या सप्टेंबरपासून अठरा टक्के झाला. म्हणजे चाळीस लाखांच्या विजेच्या मोटारीवर पांच टक्के आणि मध्यम स्थितीच्या कुटुंबानें कर्ज काढून घेतलेल्या लहान मोटारीवर अठरा. २०२५ च्या मार्चमध्यें महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पांत तीस लाखांवरील विजेच्या मोटारींवर सहा टक्के कर सुचविण्यांत आला होता. तो त्याच महिन्यांत मागें घेण्यांत आला. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें अटल सेतूवरील पथकर विजेच्या मोटारींस व बसगाड्यांस माफ झाला; आणि त्या सेतूवर दुचाकीस व रिक्षेस तर प्रवेशच नाहीं.

याच्या शेजारीं दुसरें चित्र ठेवा. २०२५ च्या मे महिन्यांत मुंबईच्या बेस्ट बसचें किमान भाडें पांच रुपयांवरून दहा रुपये झालें, आणि वातानुकूलित बसचें सहावरून बारा. एके काळीं चार हजारांवर असलेला बेस्टचा ताफा त्याच वर्षीं तीन हजारांच्या खालीं होता. २०२३ च्या फेब्रुवारींत विजेची दुमजली बस रस्त्यावर आली आणि सप्टेंबरांत डिझेलच्या जुन्या दुमजली बसनें निरोप घेतला; वृत्तपत्रांत छायाचित्रें आलीं, लोक हळहळले. पण रांगेंत उभ्या असलेल्या मोलकरणीचा प्रश्न बस कोणत्या शक्तीवर चालते हा नसतो. बस येते कीं नाहीं, हा असतो. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें कंत्राटी बसचालकांनीं वेतनासाठीं संप केला. नवी बस चकचकीत आणि तिचा चालक मात्र अल्प वेतनावर, असें झालें तर त्या बसचा धूर गेला तरी अन्याय राहिलाच. पोप तेराव्या लिओंनीं १८९१ सालीं आपल्या परिपत्रकांत कामकऱ्याच्या न्याय्य वेतनाचा जो प्रश्न उभा केला, तो विजेच्या युगांतहि उभाच आहे.

रिक्षाचालकाचा विचार विशेष केला पाहिजे, कारण तो आपल्यांतलाच आहे. २००० नंतरच्या काळांत मुंबईच्या जुन्या टॅक्सी उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळें गॅसवर आल्या. रिक्षाहि गॅसवर आल्या. शहराची हवा त्यामुळें सुधारली. पण बदलाचा खर्च व गॅसच्या पंपावरील लांब रांगांत गेलेले तास पुष्कळ अंशीं चालकांच्याच वांट्यास आले. आतां तोच मनुष्य पुन्हां बदलण्यास सांगितला जात आहे. विजेची रिक्षा चालविण्यास स्वस्त आहे, यांत संशय नाहीं. परंतु ती विकत घेण्यास महाग आहे. ज्याचा बंगला आहे त्यास रात्रीं अंगणांत घरच्या दरानें बॅटरी भरतां येते. जो चाळींत किंवा एका खोलींत राहतो त्यानें गाडी कोठें लावावी? त्यास बाहेरच्या केंद्रावर अधिक दर द्यावा लागतो आणि भरण्यांत धंद्याचे तास घालवावे लागतात. म्हणजे ज्यास सर्वांहून कमी मिळतें त्यासच युनिटामागें अधिक द्यावें लागतें. त्यांत कर्ज सावकारी व्याजानें निघालें, तर विजेची बचत व्याजांतच जाते. ज्याच्या गाडीनें शहराचा कर्बवायु सर्वांत लवकर कमी होतो, त्याच्याच वाटेंत आपण सर्वांत अधिक कांटे ठेवितों, हें केवढें विपरीत!

आपला एक शेजारी फार दूर राहतो. त्यासहि विसरून चालणार नाहीं. बॅटरींत कोबाल्ट नांवाची धातु लागते, आणि जगांतील खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टाचा सुमारें सात-दशांश भाग आफ्रिकेंतील कांगोच्या लोकसत्ताक राज्यांतून येतो. कोल्वेझीच्या आसपास पुष्कळ माणसें हातांनीं खणून तें काढतात, आणि त्यांत मुलेंहि असल्याचें वारंवार उघडकीस आलें आहे. त्या देशांतील कोट्यवधि लोक आपलेच कॅथॉलिक बांधव आहेत. २०२३ सालीं पोप फ्रान्सिस किन्शासास गेले, तेव्हां परकीयांनीं आफ्रिकेची खनिजसंपत्ति ओरबाडणें थांबवावें, असें त्यांनीं निक्षून सांगितलें. समाधानाची गोष्ट ही कीं, लोह व फॉस्फेट यांची जी बॅटरी आतां पुष्कळ बसगाड्यांत व मोटारींत वापरतात, तीत कोबाल्ट मुळींच नसतें. गाडी घेणाऱ्यानें ही चौकशी दुकानांत अवश्य करावी. तेवढ्यानें त्याचा एक शब्द तरी कोल्वेझीच्या मुलाच्या बाजूनें पडेल. बॅटरी निकामी झाल्यावर ती परत घेऊन तींतील धातु काढण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनीं उत्पादकांवर टाकिली आहे. ती भंगारवाल्याच्या पोरानें उघड्यावर फोडूं नये, हें पाहणें ग्राहकाचेंहि कर्तव्य आहे.

पवित्र ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतींत संदिग्ध नाहीं. २०१५ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं ‘लाउदातो सी’ हें परिपत्रक प्रसृत केलें. धरित्रीची दुखापत आणि गरिबाची दुखापत हीं दोन निरनिराळीं प्रकरणें नव्हेत, हा त्याचा गाभा आहे. शहरांतील वाहतुकीचाहि त्यांत विचार आहे: एक-दोन माणसांसाठीं धांवणाऱ्या असंख्य मोटारींमुळें शहर कसें गुदमरतें, हें दाखवून सार्वजनिक वाहनांस अग्रस्थान द्यावें, असें त्यांत सुचविलें आहे. पुढें २०२४ च्या डिसेंबरांत पोपमहाशयांनाच विजेची मोटार अर्पण करण्यांत आली. पण आपण त्या मोटारीचें अनुकरण करण्यापूर्वीं त्या परिपत्रकाचें करावें.

तर मग आपल्या धर्मग्रामानें काय करावें? मोठीं धोरणें दिल्लीस व मुंबईस ठरतात; पण कांहीं गोष्टी आपल्या हातच्या आहेत. त्यांपैकीं चार आम्ही आपणांपुढें ठेवितों.

पहिली गोष्ट, मोटार घेण्यापूर्वीं गरजेचा विचार. ज्याचें काम स्कूटरनें भागतें त्यानें विजेची स्कूटर घ्यावी. मोटार घ्यावयाचीच असेल तर ती शेजाऱ्यापाजाऱ्यांसह वापरावी. रविवारीं एकाच आळींतून चार मोटारी अर्ध्या-अर्ध्या रिकाम्या येतात. त्यांच्या जागीं दोन भरलेल्या याव्या, आणि ज्या वृद्धांस कोणी आणीत नाहीं त्यांस त्यांत जागा मिळावी.

दुसरी, बसची मागणी. आपल्या गांवांतून स्टेशनापर्यंत वेळेवर धांवणारी, परवडणाऱ्या भाड्याची विजेची बस मिळावी, म्हणून महानगरपालिकेकडे एकजुटीनें अर्ज करावा आणि त्याचा पाठपुरावा करावा. हरित वसईच्या रक्षणासाठीं फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासमवेत आपल्या लोकांनीं जो निर्धार दाखविला, त्याचा अल्पांश जरी येथें दाखविला तरी बस येईल. मोटारीची सूट मागणारे पुष्कळ आहेत. बसची रांग मागणारे आपण होऊं.

तिसरी, कर्जाची सोय. १९१८ सालीं मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकारानें बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक स्थापन झाली, ती आपल्या शेतकऱ्यास सावकाराच्या तावडींतून सोडविण्यासाठीं. त्या काळीं गरज बैलाची व बियाण्याची होती. आज ती बॅटरीची व रिक्षेची आहे. आपल्या पतसंस्थांनीं व सहकारी बँकांनीं रिक्षाचालकांस व फिरत्या विक्रेत्यांस विजेच्या गाडीसाठीं सौम्य व्याजाचें कर्ज द्यावें, आणि ज्याची ऐपत आहे त्यानें अशा एखाद्या चालकास जामीन राहावें. आमच्या मतें महोत्सवाचें याहून सुंदर स्मारक क्वचितच सांपडेल.

चौथी, सूर्याची वीज. आपल्या सभागृहाच्या व शाळेच्या छपरांवर ऊन फुकट पडतें. दहा किलोवॅटांचीं सौर पत्रें बसविलीं तर वर्षाच्या सरासरीनें दिवसास सुमारें चाळीस युनिटें मिळतात. विजेच्या रिक्षेस शंभर किलोमीटरांस सातआठ युनिटें पुरतात. म्हणजे एका छपरावर पांच रिक्षा दिवसभर चालतील. दुपारच्या विसाव्याच्या वेळीं आवारांत रिक्षा उभी करून अल्प दरानें बॅटरी भरण्याची सोय चालकांस, मग ते कोणत्याहि धर्माचे असोत, करून द्यावी. ती वीज डहाणूच्या धुरांड्यांतून आलेली नसेल, आणि कोणाची भातखाचरें बुडवूनहि आलेली नसेल.

बंधुभगिनींनो, विजेची मोटार ज्यांनीं घेतली आहे त्यांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. सद्हेतूनें घेतलेली वस्तु सद्हेतूनें वापरतां येते. ज्याच्या दारांत ती आहे त्यानें तीत इतरांस बसवावें, म्हणजे तिचें ऋण लवकर फिटेल. आमचें सांगणें एवढेंच कीं, विकत घेतल्यानें पुण्य लागत नाहीं. श्रीमंताच्या दारांत पडलेल्या लाजराचा दृष्टांत आपण जाणतों. त्या श्रीमंतानें लाजरास मारलें नव्हतें, हांकलूनहि दिलें नव्हतें; तो त्यास दिसलाच नाहीं, एवढाच त्याचा अपराध होता. डहाणूचा वारली, चौकांतला पोलीस, कर्जांत बुडालेला रिक्षाचालक आणि कोल्वेझीचें मूल हे आपल्या गाडीच्या कांचेंतून आपणांस दिसावेत, आणि दिसल्यावर आपण गाडी थांबवावी.

पुढील महोत्सव जी पिढी साजरा करील, तिला स्वच्छ हवा, हिरव्या वाड्या आणि वेळेवर येणारी बस मिळो. आणि तें सर्व कोणा शेजाऱ्याच्या दुःखावर उभें नसो, अशी प्रभु येशू ख्रिस्ताच्या चरणीं आम्ही प्रार्थना करतों.